झाडाचं दुखणं आकाशातून

"सर, पिकावरचा रोग उपग्रहाला कसा दिसतो?" वर्गातल्या एका मुलाने विचारले. मुलगा शेतकऱ्याचा. त्यांच्या सोयाबीनवर पिवळा मोझॅक येऊन गेला होता, त्यामुळे प्रश्न पुस्तकातला नव्हता. उत्तरासाठी मी त्याला केरळात नेले.

तिथे नारळाला मूळकूज-मरगळीचा जुनाट रोग आहे. झाड लगेच मरत नाही; झावळ्या मलूल होतात, फळ घटते आणि शेतकऱ्याचे घर हळूहळू खचते. 1970 साली डॉ. पी. आर. पिशारोटी यांनी हेलिकॉप्टरमधून या बागांची छायाचित्रे घेतली. हे तेच शास्त्रज्ञ, जे पूर्वी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक होते. भारतातल्या दूरसंवेदनाची सुरुवात या प्रयोगापासून मानली जाते.

कॅमेऱ्यात अवरक्त किरण टिपणारी फिल्म होती. निरोगी पान हे किरण भरपूर परत फेकते, म्हणून फिल्मवर ते गडद लाल उमटते. आजारी पानाची ही ताकद कमी होते आणि लाली फिकी पडते. गंमत अशी, की ही फिल्म दुसऱ्या महायुद्धात फांद्यांआड लपवलेले शत्रूचे रणगाडे आणि तोफा ओळखण्यासाठी वापरात आली. 1956 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट कोलवेल यांनी तिच्यावर धान्यपिकांचे रोग दाखवून दिले. युद्धाची नजर शेतकऱ्याच्या कामी आली!

पुढे 17 मार्च 1988 रोजी आयआरएस-1ए हा भारताचा उपग्रह सोडला गेला. त्याचा चांगला कॅमेराही सुमारे 36 मीटरपेक्षा बारीक पाहू शकत नव्हता. आज युरोपच्या सेंटिनेल-2 ची 10 मीटरची चित्रे कुणालाही फुकट मिळतात.

पण एक गोष्ट मी त्या मुलाला बजावून सांगितली. उपग्रहाला शेत आजारी आहे एवढेच कळते. रोग आहे, पाण्याचा ताण आहे की खत कमी पडले, हे बहुतेक वेळा वरून ठरत नाही. त्यासाठी कुणीतरी बांधावर उतरून पान उलटून पाहावे लागते. पिशारोटींच्या चित्रांनाही जमिनीवरच्या झाडांशी ताडून पाहिल्याशिवाय अर्थ नव्हता.

उद्या नुकसानभरपाई चित्रावरून ठरू लागली, तर हे विसरून चालणार नाही. चित्र साक्षीदार आहे, काझी नव्हे. आणि तुझ्या अब्बांची साक्षही नोंदली गेलीच पाहिजे, बेटा.