एकाच पहाटेचे तीन भूकंप

कोयनेच्या भूकंपाचा विषय निघाला की आमच्या घरात भांडण ठरलेलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं, इथवर एकमत. पुढे ज्याचा त्याचा भूकंप वेगळा.

हेळवाकची आत्या धरणाच्या अगदी पायथ्याकडची. "उठायला गेले तर जमिनीनंच खाली बसवलं," असं ती सांगायची. दगडमातीची भिंत बाहेरच्या अंगाला कोसळली म्हणून ती वाचली. आत पडती तर गोष्ट सांगायला कोणी उरलं नसतं. त्या पहाटे कोयनानगर परिसरात दीडशेच्या वर माणसं गेली. सरळ रेषेत ४५ किलोमीटरवर, कराडात मोठ्या काकांच्या मांडणीवरची भांडी तेवढी खाली आली, भिंतीला एक भेग गेली. आणि २०० किलोमीटरवर, गिरगावच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, नानाकाकांचा टांगलेला दिवा झुलत राहिला. तळमजल्यावरचे शेजारी मात्र घोरत होते! नानाकाकांना मुंबईत कोणी खरं मानेना, याचा राग त्यांना जन्मभर होता.

पण ते खरंच सांगत होते. जवळ बसतात ते झटपट, कडक हिसके. वाटेतल्या खडकात ते लवकर विरतात. लांबवर पोचतात त्या संथ लाटा, आणि त्या उंच इमारतींना झुलवतात. त्यातून दख्खनचा जुना, कठीण खडक. लाटा फार दूरवर नेतो. मुंबईला आणखी एक धक्का तारांतून पोचला: कोयनेची वीज बंद पडली.

भूकंपाची महत्ता, म्हणजे त्याचा मुळातला जोर, एकच, साधारण ६.३. तीव्रता, म्हणजे त्या त्या ठिकाणी जाणवलेला हादरा, मात्र गावागणिक निराळी. ती एक ते बारा अशा पायऱ्यांवर मोजतात. त्यासाठी भूकंपानंतर अभ्यासक गावोगाव फिरून आमच्या घरातल्यासारखेच प्रश्न विचारतात. जाग आली का? भांडी पडली का? भिंत कसली होती? सारखी उत्तरं देणारी गावं रेषेनं जोडली की नकाशा होतो. त्या रेषा काही गोल गरगरीत येत नाहीत. नदीकाठच्या भुसभुशीत गाळावरचं गाव त्याच अंतरावरच्या खडकावरल्या गावापेक्षा जास्त हलतं.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरलं. महत्ता जवळपास कोयनेएवढीच, पण मृत्यू हजारोंनी. चाळीसेक किलोमीटरवरचं लातूर शहर उभंच राहिलं. बातमी ऐकल्यावर आत्यानं आकडा विचारला नाही. "भिंती कसल्या होत्या रे?" एवढंच.

दगडमातीच्या. रुंद. वर मातीचं जड माळवद.