माळावरचा कारखाना टिकला कसा? किर्लोस्करवाडी, वाइन पार्क आणि बेदाणा

कुंडल (ता. पलूस) : मिरजेहून पुण्याकडे जाताना भिलवडीच्या पुढे किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं. शंभरेक वर्षांपूर्वी या स्टेशनाला कुंडल रोड म्हणायचे. आजूबाजूला माळ, निवडुंग आणि साप. अशा ठिकाणी १९१० साली लोखंडी नांगराचा कारखाना आला आणि आज तिथे पंप तयार होतात.

तालुक्यातल्या पोरांना धंदा काढायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सबसिडी किती बसते?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो चौथा-पाचवा असायला हवा. आपल्याच जिल्ह्यात काही धंदे वाढले, काहींना सगळी सवलत मिळूनही ते बसले नाहीत. त्यांच्याकडे जरा जवळून बघितलं तर आधीचे तीन-चार प्रश्न कोणते ते समजतं.

पहिला नांगर खपायला दोन वर्षं

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण रंग ओळखण्यात अडचण असल्याने ते सोडून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मास्तर झाले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला भावाकडे आले. तिथे दोघांचं सायकलचं दुकान होतं. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

दुकानातून ते यंत्रांकडे गेले. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढतं, असं शेतकरी म्हणायचे. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

पुस्तकात ही गोष्ट शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून येते. ते तितकं खरं नाही. ज्याचं घर एका हंगामावर चालतं, तो दुसऱ्याच्या नांगराची परीक्षा स्वतःच्या रानात का घेईल? शिवाय लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, मोडला तर तोच दुरुस्त करायचा आणि बलुतं सुगीत धान्यात द्यायचं. लोखंडी नांगराला रोख पैसे लागणार आणि मोडला तर गावात कोणी नाही. हा हिशेब शेतकऱ्याच्या बाजूने बरोबरच होता. लाकडी नांगर माती फाडतो, पलटी करत नाही. लोखंडी नांगर तास पलटी करतो, हरळीच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळतात. हा फरक सांगून पटत नाही, शेजाऱ्याच्या रानात दिसावा लागतो. दिसायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तग धरायला पैसा लागतो.

सायकलचं दुकान होतं म्हणून नांगराला वेळ मिळाला, असं म्हणायला हरकत नाही. आजही गावात नवा धंदा टिकवणारे बहुतेक जण आधीचा गोठा किंवा दुकान लगेच बंद करत नाहीत.

जागा गेली, औंधने दिली

नांगर खपायला लागला तोवर दुसरं संकट आलं. शहर वाढवायचं म्हणून बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. चालू कारखाना उचलून न्यायचा कुठे?

तेव्हा औंधच्या गादीवर भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी नुकतेच आले होते. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, स्वतः चित्रं काढणारे राजे म्हणून ते सगळ्यांना माहीत आहेत. औंधचं संस्थान लहान आणि तुकड्या-तुकड्यांत विखुरलेलं. आजचा आटपाडी तालुका त्यात होता, कुंडलही होतं. बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना कुंडलजवळची ३२ एकर पडीक जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज मिळवून दिलं. पंचवीसेक कामगार बायकापोरांसह माळावर राहायला आले, निवडुंग तोडला, आणि १० मार्च १९१० ला किर्लोस्करवाडी सुरू झाली.

जमीन मिळाली हे सगळे सांगतात. ती कुठे मिळाली याकडे लक्ष जात नाही. औंध गावाजवळ रेल्वे नव्हती. संस्थानाचा जो तुकडा रेल्वेला लागून होता, तिथलीच जमीन दिली गेली. नांगर ही जड वस्तू आहे. कच्चं लोखंड आणि कोळसा आणायचा, तयार नांगर बेळगाव, सातारा, पुण्याकडे पाठवायचा, हे बैलगाडीवर परवडलं नसतं. स्टेशन समोर होतं म्हणून माळ चालला. स्टेशन नसतं तर चांगली बागायत फुकट मिळूनही कारखाना उभा राहिला नसता.

हाच प्रकार कराडजवळ पुन्हा झाला. ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६ साली औंध संस्थानच्याच हद्दीत, कराड स्टेशनाजवळ आला. त्या जागेला आज ओगलेवाडी म्हणतात. तिथला प्रभाकर कंदील घरोघरी होता. पुढे वीज आली, कंदिलाची गरज संपत गेली आणि तो कारखाना बंद पडला. किर्लोस्करवाडीचा कारखाना नांगरावर थांबला नाही. ऊस गाळायचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप आणि मग मोठे पंप, असा तो शेतकऱ्याच्या गरजेमागे सरकत गेला. राजा तोच, रेल्वे तीच, तरी दोन कारखान्यांची गत वेगळी झाली. त्यामुळे सगळं श्रेय राजालाही देता येत नाही.

इचलकरंजीतही जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या काळातच १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. त्या एका मागातून पुढे अख्खं शहर उभं राहिलं.

माणसं आली ती राहिली

माळावर कारखाना काढायचा तर माणसं राहणार कुठे हा पहिला सवाल. किर्लोस्करवाडीत कारखान्याबरोबर वस्तीही वाढली. वस्तीत शिवाशिव चालणार नाही हे लक्ष्मणरावांनी सुरुवातीलाच ठरवलं. शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी रात्रीच्या राखणीवर ठेवलं. भाऊ रामूअण्णा, यंत्रातले जाणकार शंभूराव जांभेकर, हिशेबातले मंगेशराव रेगे अशी एकेका कामाला धरून बसणारी माणसं मिळाली. कंपनी १९२० मध्ये मर्यादित झाली. त्याच वर्षी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघालं. नांगर-यंत्रांची माहिती गिऱ्हाइकाच्या घरात पोचवण्यासाठी निघालेलं हे मासिक पुढे मराठीतलं नावाजलेलं मासिक झालं.

माणूस तयार होण्याची आणखी एक पद्धत याच जिल्ह्यात आहे आणि तिच्यावर कुठलीच योजना बेतलेली नाही. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले देशभरातल्या शहरांत सोनं-चांदी गाळतात. गावातला पोरगा मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात राहतो, काम शिकतो आणि काही वर्षांनी दुसऱ्या शहरात स्वतःचं बसवतो. लोकांचं सोनं हातात घ्यायचा धंदा, त्यात ओळख हेच भांडवल. दुष्काळी रानाने माणसं बाहेर काढली हे खरं, पण आधी गेलेल्याने मागच्याला हात दिला म्हणून ती तिकडे टिकली.

पलूसचं वाइन पार्क आणि तासगावचा बेदाणा

आता अलीकडची गोष्ट. राज्याने २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं. त्यात नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि आपल्याकडे पलूस इथे वाइन पार्क झाले. जागा होती, सवलत होती, भोवताली द्राक्षाच्या बागाही होत्या. तरी नाशिकला वाइनचा धंदा जसा बसला तसा पलूसला बसला नाही.

कारणं रानातच होती. आपल्याकडच्या बागा खायच्या आणि बेदाण्याच्या द्राक्षाच्या, वाइनची जात वेगळी. बाग लावायची तर चार पैसे आधी घालावे लागतात आणि ती दहा-पंधरा वर्षं रानात उभी राहते. वाइनला माल घेणारा कारखाना एखादाच, त्याने हात वर केले तर ती द्राक्षं बाजारात कोण घेणार?

याच बागायतदारांनी बेदाणा मात्र वाढवला. त्यामागे कोणी एक राजा नव्हता, पण एकेक दुवा जागेवर होता. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्सन जातीतून निवड करून तास-ए-गणेश ही जात पुढे आणली. प्रयोगशाळेतून नव्हे, बागेतून आलेली ही जात. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर सुकवायची, साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. त्याला कोरडं वारं लागतं. ते जत, कवठेमहांकाळकडे आहे. तिथलं जे ऊन पिकाला नको होतं तेच इथे कामी आलं.

माल तयार झाल्यावर तो ठेवायला तासगाव-सांगलीत कोल्ड स्टोरेज झाले, सौदे तिथेच होऊ लागले. भाव पडलेला असेल तर माल ठेवून त्यावर तारण कर्ज काढता येतं, म्हणजे शेतकऱ्याला वाट बघता येते. आणि द्राक्षाला बाजारात दर नसेल तर बेदाणा, दर असेल तर ताजा माल, असे दोन दरवाजे उघडे राहतात. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते हे सगळं उभं राहिल्यावर. मानांकनाने धंदा वाढला असं जे भाषणात सांगितलं जातं, त्याचा क्रम उलटा आहे. सुकत घातलेल्या मालावर अवकाळी पाऊस आला की रंग जातो आणि दर निम्म्यावर येतो, तो घोर मात्र आजही तसाच आहे.

अर्ज करण्याआधी

सरकारी योजनेत काय मिळतं तेही नीट समजून घेतलेलं बरं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग यांना ३५ टक्के अनुदान आहे. स्वतःचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० टक्के, बाकीच्यांना ५ टक्के. अन्न प्रक्रियेच्या सूक्ष्म उद्योगांच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये. योजना त्या वेळी चालू आहे का आणि आकडे तेच आहेत का, हे सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावं.

गावात जो घोळ होतो तो इथे. रोजगार निर्मिती कार्यक्रमातलं अनुदान हातात मिळत नाही. बँक ते तीन वर्षं ठेव म्हणून बाजूला ठेवते, धंदा चालू आहे अशी खात्री झाली की मग कर्जात वळतं करते. म्हणजे पहिल्या दोन-तीन वर्षांत, जेव्हा नांगर खपत नसतो, तेव्हा ते पैसे कामाला येत नाहीत. हप्ता मात्र सुरू झालेला असतो. अनुदान धरून खर्चाचा मेळ घातलेले धंदे याच काळात बंद पडतात. मशिनरीच्या कोटेशनबरोबर खेळत्या भांडवलाचा आकडा कर्जात मागितला नाही तर मशीन शेडमध्ये उभं आणि कच्चा माल घ्यायला पैसे नाहीत, अशी अवस्था होते. कर्ज मागताना हप्ते उशिरा सुरू व्हावेत म्हणून सवलतीचा काळही बोलून घ्यावा.

उद्यम नोंदणीला सरकारी पोर्टलवर एक रुपयाही फी नाही. आधार क्रमांकावर ती होते. तरीही तालुक्याच्या गावात त्यासाठी पाचशे-हजार मागणारे आहेत. फॉर्म भरून देण्याची मजुरी कोणी घेतली तर तो भाग वेगळा, पण "सरकारी फी" म्हणून कोणी मागत असेल तर देऊ नये.

या नोंदणीचा खरा उपयोग पुढे आहे आणि तो फार कमी जणांना माहीत आहे. माल तयार करणाऱ्या किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे घेणाऱ्याने ४५ दिवसांच्या आत द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतो. लेखी करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. पैसे अडकले तर तक्रार करता येते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला ही सोय नाही. नोंदणी माल देण्याच्या आधीची असावी लागते, म्हणून ती पहिल्या बिलाच्या अगोदर करून ठेवावी, आणि बिलावर उद्यम क्रमांक, तारीख आणि माल पोचल्याची सही घ्यायला विसरू नये.