उचल, पावसाळा आणि तमाशा कलावंताचे मन

महाराष्ट्रातील ढोलकी-फडाच्या तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपतो. पुढे पावसाळाभर तंबू गुंडाळलेले असतात आणि कलावंत आपापल्या गावी परततात. हे वेळापत्रक शेतीने घालून दिलेले आहे. रब्बीचे पीक घरात आल्यावर चैत्र-वैशाखात ग्रामदैवतांच्या जत्रा भरतात, तेव्हा शेतकऱ्याच्या हाती थोडा पैसा आणि सवड असते. त्यामुळे कलावंताची बेकारी या व्यवसायाच्या घडणीतच आहे आणि तिने होणारी मनाची पडझडही दरवर्षी ठरल्या वेळी येते.

उत्तर पेशवाईत राम जोशी, होनाजी बाळा यांच्यासारख्या शाहिरांना दरबारचा आश्रय होता. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तो आश्रय आटला आणि तमाशा मुख्यतः गावजत्रांच्या आधाराने उभा राहिला. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे त्याचे मोठे केंद्र झाले. तेथे गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालक राहुट्या, म्हणजे तात्पुरती कार्यालये, थाटतात आणि गावकरी तेथे येऊन जत्रेची सुपारी, म्हणजे खेळाचा करार, ठरवतात.

या व्यवहाराची दुसरी बाजू म्हणजे उचल. येणाऱ्या हंगामातील कामापोटी फडमालक कलावंताला जी आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात, आणि ती बहुधा पावसाळ्यातच, घरात धान्य नसताना किंवा आजारपण आले असताना घेतली जाते. अनेकदा मालकाने स्वतःच ती सावकाराकडून कर्जाने आणलेली असते. रिकाम्या महिन्यांत खाल्लेले अन्न पुढच्या हंगामात नाचून-गाऊन फेडायचे असल्याने, घुंगरू बांधण्याआधीच कलावंत कर्जदार झालेला असतो आणि विश्रांतीचे दिवसही चिंतेत जातात.

हंगामात गण, गौळण, बतावणी आणि वग अशा क्रमाने खेळ रात्री उशिरापर्यंत रंगतो, झोप प्रवासात किंवा दिवसा उरकली जाते आणि फड हेच कुटुंब बनते. हंगाम सरताच ही लय एकदम तुटते. काल ज्याच्या विनोदावर सारी जत्रा हसली, तो सोंगाड्या आज दुसऱ्याच्या शेतात मजुरी करतो. ज्या नर्तिकेच्या लावणीला वन्समोअर मिळाला, तिच्याकडे गावात संशयाने पाहिले जाते. तमाशातील बहुसंख्य कलावंत महार, मांग, कोल्हाटी अशा जातींतून आलेले असल्याने मंचावर मिळालेली प्रतिष्ठा मंचाखाली टिकत नाही. कर्ज, अनिश्चितता आणि एकटेपणा ही नैराश्याची परिचित कारणे येथे एकाच वेळी एकवटतात, आणि त्यांतून आलेल्या निद्रानाशाकडे किंवा व्यसनाकडे मात्र ‘तमाशावाल्यांचा स्वभाव’ म्हणून पाहिले जाते.

कीर्तीनेही या अवस्थेपासून संरक्षण मिळाले नाही. ज्यांच्या लावण्या महाराष्ट्रभर गायल्या गेल्या, ते पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये विपन्नावस्थेत वारले; राष्ट्रपतींकडून गौरवल्या गेलेल्या विठाबाई नारायणगावकर यांचे अखेरचे दिवसही हलाखीत गेले आणि २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. आज राज्य शासन विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते.

२५ मार्च २०२० रोजी करोनामुळे देशभर टाळेबंदी सुरू झाली, आणि तो दिवस गुढीपाडव्याचा होता. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही जत्रा रद्द झाल्या, दरवर्षीची पावसाळी बेकारी लांबतच गेली आणि घेतलेली उचल फेडण्याचा मार्गही बंद झाला.

वृद्ध कलावंतांना शासनाचे मानधन मिळते, परंतु ऐन उमेदीतील कलावंताच्या रिकाम्या महिन्यांसाठी अशी खात्रीची तरतूद नाही. तमाशा हा हंगामी श्रम आहे हे मान्य करून पावसाळ्यातील निर्वाहभत्ता, बिनव्याजी उचल आणि गावपातळीवरील मानसोपचार या तीन गोष्टी एकत्रितपणे दिल्या पाहिजेत. लोककलेच्या जतनाची भाषा करणाऱ्या समाजाचे ते पहिले कर्तव्य आहे.