झाड कोणाचं?

मे महिन्यात मलकापूरहून बुलढाण्याला निघालं, की राजूर घाट चढेपर्यंत अंगाची लाही होत असते. घाट संपला की वारा बदलतो. पूर्णेच्या खोऱ्यातली माणसं बुलढाण्याला थंड हवेचं गाव म्हणतात ते उगाच नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, सुमारे दोन हजार फुटांवर वसलेलं हे गाव. भिल्लांचं ठाणं ते भिल्लठाणा आणि त्याचं पुढं बुलढाणा झालं, असं जुने लोक सांगतात. इंग्रजांनी १८६० च्या दशकात जिल्ह्याची कचेरी इथं थाटली, तेव्हा त्यांनाही ही हवा मानवली असणार.

हवा उंचीमुळे थंड असेल. पण भर दुपारी रस्त्यानं पायी जाणाऱ्याच्या डोक्यावर सावली धरतं ते झाड. गावाची उंची कुणाला कमी करता येत नाही. सावली मात्र एका सकाळीत नाहीशी करता येते. म्हणूनच शहरातल्या झाडांसाठी कायदा करावा लागला. आज बोलायचं आहे ते या कायद्याविषयी, आणि तो कागदावरून रस्त्यावर कसा उतरतो याविषयी.

सुरुवात एका घडलेल्या गोष्टीनं करतो. बुलढाणा, चिखली, खामगाव, शेगाव, मेहकर, लोणार अशी आमच्या जिल्ह्यात नगरपालिकेची बरीच गावं आहेत. त्यांपैकी एका गावात मी काही वर्षं राहत होतो. गावाचं नाव सांगत नाही, कारण असं कुठंही घडू शकतं. घराच्या कोपऱ्यावर एक जुना कडुलिंब होता. त्याच्याखाली सायकल दुरुस्तीवाला बसायचा, शाळेतली पोरं रिक्षाची वाट पाहत उभी राहायची. एका रविवारी सकाळी करवतीच्या आवाजानं जाग आली. बाहेर येईपर्यंत फांद्या खाली आल्या होत्या. दुपारपर्यंत खोडही ट्रॅक्टरमध्ये भरून गेलं.

सोमवारी मी कार्यालयात गेलो. टेबलामागच्या तरुणानं मला ओळखलं, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "सर, झाड तुमचं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

"तुमच्या जागेत होतं?"

"नाही, रस्त्याच्या कडेला होतं."

"मग सर, तुमची तक्रार कशी काय घ्यायची?"

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. त्याला खरोखरच प्रश्न पडला होता आणि मलाही त्याचं उत्तर देता आलं नाही. झाड कोणाचं? घरी आलो आणि पुस्तकं काढून बसलो. उत्तर शोधता शोधता तीनशे वर्षं मागं जावं लागलं.

आमच्या जिल्ह्यातलं सिंदखेडराजा हे जिजाऊंचं जन्मगाव. त्यांच्या पुत्रानं उभारलेल्या राज्याचा कारभार कसा असावा, हे रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५ च्या सुमारास आज्ञापत्रात लिहून ठेवलं. त्यात झाडांविषयीचा एक मजकूर आहे. अनेक ठिकाणी तो फलकावर थेट शिवाजी महाराजांच्या नावानं रंगवलेला दिसतो. पण तो आहे आज्ञापत्रातला. आरमाराला लाकूड लागतं, तर ते कुठून आणावं, असा तिथला विषय आहे. अमात्य सांगतात, की आंबा, फणस यांचं लाकूड उपयोगाचं असलं तरी त्यांना हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावं. बळजोरी करू नये. म्हणजे इथं उत्तर स्पष्ट आहे. झाड ज्यानं वाढवलं त्याचं, आणि राजालासुद्धा त्याची संमती हवी.

पुढं राज्य बदललं. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६५ मध्ये आणि त्यानंतर अधिक कडक असा १८७८ मध्ये, देशात वनकायदा झाला. रेल्वेला लाकडी स्लीपर हवे होते, सरकारला उत्पन्न हवं होतं. उत्तर बदललं. झाड सरकारचं झालं. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यात या जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत, कारण डोंगर आणि गायरानं गेल्यावर गरिबाच्या शेळीनं चरायचं कुठं, हा प्रश्न होता. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला, तो याच कायद्याविरुद्ध. विदर्भातल्या दोन-तीन पिढ्यांना झाडाचा कायदा भेटला तो गार्डाच्या काठीच्या रूपात. कायदा झाडाच्या बाजूचा म्हणजे आपल्या विरुद्ध, असं मनात बसलं. आजही परवानगीचं नाव काढलं की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. त्याचं मूळ तिथं आहे, असं मला वाटतं.

स्वातंत्र्य आलं, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९६४ मध्ये वृक्षतोड विनियमन कायदा आला. त्यात साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, चंदन अशी ठरावीक झाडं अनुसूचीत घातली होती. पण शहरात रस्त्याच्या कडेला असतो कडुलिंब, पिंपळ, गुलमोहर. त्यांना वाली नव्हता. शहरं वाढत होती, बंगल्यांच्या जागी इमारती येत होत्या. तेव्हा १९७५ मध्ये राज्यानं 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम' केला. राज्यघटनेत पर्यावरणरक्षणाची कलमं आली ती त्यानंतर, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं. दिल्लीला असा कायदा व्हायला १९९४ उजाडलं. या बाबतीत आपलं राज्य पुढं होतं, हे अभिमानानं सांगायला हरकत नाही.

हा कायदा मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा थक्क झालो. नागरी भागात वृक्ष प्राधिकरण असावं, वृक्ष अधिकारी असावा, दर पाच वर्षांनी झाडांची गणना व्हावी, असं तो सांगतो. झाड 'तोडणं' याची व्याख्याही रुंद आहे. नुसती कुऱ्हाड चालवणं नव्हे, तर जाळणं, कापणं किंवा कोणत्याही प्रकारे इजा करणं म्हणजे तोडणंच. बुंध्याशी कचरा पेटवून ठेवणारे, साल सोलून झाड वाळायची वाट पाहणारे, खोडात भोक पाडून ॲसिड ओतणारे, सगळे त्यात येतात. शिक्षेच्या कलमात वर्षानुवर्षं किमान एक हजार ते कमाल पाच हजार रुपये दंड आणि जोडीला एक आठवडा ते एक वर्ष कैद होती. शिवाय प्रत्येक झाड हा वेगळा गुन्हा.

पण माझ्या मते कायद्याचा जीव शिक्षेत नाही, आठव्या कलमात आहे. झाड तोडायचं असेल तर अर्ज करावा लागतो. अधिकाऱ्यानं स्वतः झाड पाहायचं. स्थानिक वर्तमानपत्रात नोटीस द्यायची आणि तीच नोटीस झाडावर, सगळ्यांना दिसेल अशी लावायची. अर्जावरचा निर्णय साठ दिवसांत. परवानगी मिळाली तरी पंधरा दिवस झाडाला हात लावायचा नाही. त्या काळात हरकत आली तर प्राधिकरणानं हरकतदाराचं म्हणणं ऐकून फेरविचार करायचा आणि तोवर झाड उभं राहायचं. ही हरकत कोणी घ्यायची? कायद्यात शब्द आहेत ते 'कोणत्याही व्यक्तीकडून' अशा अर्थाचे. मालकानं, शेजाऱ्यानं, जागेच्या धन्यानं, असं काहीही तिथं नाही.

त्या तरुणाच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं मिळालं. झाड माझं होतं का, हे कायदा विचारतच नाही. आज्ञापत्रात झाड रयतेचं होतं, इंग्रजी अमलात सरकारचं झालं; १९७५ च्या कायद्यानं ते, निदान बोलण्याच्या हक्कापुरतं, त्याच्याखालून जाणाऱ्या प्रत्येकाचं केलं.

हे पंधरा दिवस लहान वाटतात, पण झाडाचा जीव त्यात असतो. मुंबईतल्या आरेचं उदाहरण ताजं आहे. मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडं तोडण्याविरुद्धच्या याचिका ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयानं फेटाळल्या. त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तोवर २१४१ झाडं आडवी झाली होती. प्रकल्प हवा की नको, यावर मतं वेगळी असू शकतात. पण मधल्या तीन दिवसांत जे गेलं ते कोणत्याही निकालानं परत येणार नव्हतं. कर्जाची नोटीस उशिरा वाचली तर व्याज भरून सुटता येतं, झाडावरची नोटीस उशिरा वाचली तर समोर नुसता बुंधा असतो.

अलीकडं कायदा आणि न्यायालयं दोन्ही कडक झाली आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरचं झाड 'वारसा वृक्ष' ठरवलं, आणि तोडलेल्या झाडाचं वय जितकं तितकी नवी झाडं लावण्याची अट घातली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मथुरा-वृंदावन भागात विनापरवाना तोडलेल्या ४५४ झाडांसाठी दर झाडामागं एक लाख रुपये दंड कायम केला. तरीही आपल्या लहान गावात प्रश्न तोच राहतो. ज्या झाडाची गणनेत नोंदच नाही, ते पन्नास वर्षांचं होतं हे सिद्ध कोण करणार? तोडणाऱ्याला रविवार का सोयीचा वाटतो? कारण त्या दिवशी कार्यालय बंद असतं आणि शेजारी दार लावून घेतात.

मी स्वतःही आधी तेच केलं होतं. त्या कडुलिंबाच्या फांद्या वर्षभर थोड्या थोड्या कमी होत होत्या, बुंध्याभोवती सिमेंट चढत होतं. मी रोज ते पाहत होतो आणि गप्प होतो. समोरच्या घराच्या भिंतीला मुळांनी तडे गेले होते, त्या माणसाची अडचण खरी होती. त्यानं अर्ज केला असता, आम्ही शेजारी बोललो असतो, तर छाटणीवर भागलं असतं किंवा निदान चर्चा होऊन झाड गेलं असतं. धोकादायक झाड तातडीनं काढून चोवीस तासांत कळवण्याची सोयही कायद्यात आहे. कायदा कुणाची भिंत पडू द्या म्हणत नाही. विचारून करा, एवढंच म्हणतो.

दोन वर्षांनी त्याच रस्त्यावरच्या एका चिंचेवर कागद चिकटवलेला दिसला. नालीच्या कामासाठी झाड तोडायचं होतं. या वेळी मी घरी जाऊन साध्या कागदावर हरकत लिहिली. सायकलवाल्याची सही घेतली, शाळेच्या दोन शिक्षकांच्या घेतल्या आणि नेऊन दिली. सुनावणी झाली. तिथं कुणी मोठा वकील नव्हता की कुणी भाषण केलं नाही. नाली चार फूट वळवता येईल का, एवढंच आम्ही विचारलं. ती वळवता आली. चिंचेच्या एका बाजूच्या फांद्या गेल्या, पण झाड राहिलं.

हरकत घ्यायला टेबलामागं तोच तरुण होता. त्यानं अर्ज वाचला, मान हलवली आणि या वेळी झाड कोणाचं ते विचारलं नाही. माझ्या प्रतीवर शिक्का मारला, खाली तारीख घातली आणि म्हणाला, "सर, पोच जपून ठेवा."

ती मी अजून जपून ठेवली आहे.