लाह्यांची ज्वारी कुठे गेली?



जत्रेत पोरं पॉपकॉर्न मागतात आणि आपण मुकाट्याने पैसे काढून देतो. घरात नागपंचमीला आजी ज्वारीच्या लाह्या फोडते, त्या मात्र पोरांना जुन्या वाटतात. खरं बघाल तर दोन्हींचं तंत्र एकच. दाण्यातल्या ओलाव्याची तापून वाफ होते, टणक टरफल तिला कोंडून धरतं आणि धरवेना झालं की दाणा फुटून फुलतो.

मका मूळ अमेरिकेचा. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर तो आपल्या देशात आला. लाह्या त्याच्या कितीतरी आधीच्या. लग्नातला लाजाहोम आठवा. 'लाजा' म्हणजेच लाह्या. भाताच्या मुलखात त्या साळीच्या, आपल्या काळ्या रानात ज्वारीच्या.

पण प्रत्येक ज्वारी फुटत नाही, हे जुन्या बायांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून लाह्यांची ज्वारी वेगळी ठेवायचे. दाणा बारीक, आतून काचेसारखा कठीण. पुढे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत ज्वारीचे साडेतीन हजारांवर नमुने फोडून पाहिले. १९८१ च्या सुमारास निष्कर्ष आला, तेव्हा उत्तम लाह्या देणारे वाण जेमतेम छत्तीस निघाले. त्यांची लक्षणं आजीने सांगितलेलीच!

मग हे बियाणं गेलं कुठे? १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ पडला. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन लोकांनी दिवस काढले. त्या काळात पोट भरणं पहिलं होतं, हायब्रीडला नावं ठेवून चालणार नाही. पण लवकर येणारं हे पीक परतीच्या पावसात सापडायचं, दाणा काळा आणि पिठूळ व्हायचा. पिठूळ दाणा वाफ धरत नाही. पुढे खरिपाची जमीन सोयाबीनने घेतली. हुरड्यासाठी गूळभेंडी आपण आठवणीने ठेवली, लाह्यांची मात्र विसरलो.

एका गावी मी मोठ्या हौसेने सुधारित ज्वारी दाखवायला नेली. घरच्या म्हातारीने तापल्या तव्यावर मोजून दहा दाणे टाकले आणि म्हणाली, "साहेब, तीनच फुटले की." भाकरीला चांगली असलेली ज्वारी लाह्यांनाही चांगली असेल, हे मी धरूनच चाललो होतो. बियाणं निवडताना तुम्हीही हीच परीक्षा करा, फक्त शंभर दाण्यांवर.

लाह्या फोडण्याची रीत अशी. निवडलेली ज्वारी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवून उपसा आणि रात्रभर फडक्यात घट्ट बांधून ठेवा. सकाळी सावलीत पसरून वरचं पाणी सुकू द्या. फार वाळवाल तर वाफच होणार नाही. लोखंडी कढई चांगली तापवा, एका वेळी मूठभरच ज्वारी टाका आणि फडक्याच्या बोळ्याने भराभर हलवा. न फुटलेले गणंग चाळून काढा.

चटकदार हव्या असतील तर तेलात मोहरी, जिरं, शेंगदाणे, कढीपत्ता टाका. कढई खाली उतरवून मगच हळद आणि तिखट घाला, नाहीतर करपतं. लाह्या आणि बारीक मीठ टाकून कालवा. पाण्याचा हात लागू देऊ नका, लाह्या चिवट होतात.

कुणाच्या घरी आढ्याला अशी चार कणसं टांगलेली असतील तर मागून आणा. येत्या हंगामात दोन-चार तासं पेरा, पण दुसऱ्या ज्वारीपासून लांब, कारण वाऱ्याने पराग येऊन थोडा संकर होतोच. बियाण्याला कणसं मधल्या तासांतली घ्या, कडेची घेऊ नका. चांगली वाळवून मडक्यात राख घालून ठेवा आणि मडक्यावर नाव लिहा, म्हणजे सुनेच्या हातून ती दळणात जाणार नाहीत.