राणीचा नवस आणि कोकसाची छिन्नी

आमच्या बचत गटात एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "डोळ्यापुढं दिसतंय गं, पण हातातून उतरत नाही." आपल्या वेरूळच्या कैलास लेण्याची गोष्टही याच अडचणीची आहे.

हे सोळावं लेणं राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, म्हणजे आठव्या शतकातलं. त्यानंतर कित्येक शतकांनी कृष्ण याज्ञवल्कींनी 'कथाकल्पतरू'त त्याची दंतकथा सांगितली. राजा दुखण्यातून बरा झाला, तेव्हा माणिकावती राणीनं शंकराचं देऊळ बांधायला घेतलं आणि शिखर दिसेपर्यंत उपास धरला. आता शिखर तर सगळ्यात शेवटी चढतं! एकही कारागीर पुढं येईना. मग पैठणचा कोकस म्हणाला, आठवड्यात दाखवतो. त्यानं डोंगराच्या माथ्यापासूनच कोरायला घेतलं. राणीचा उपास सुटला.

आठवड्याची गोष्ट दंतकथेतली, पण देऊळ खरोखरच वरून खाली कोरलेलं आहे. तीन बाजूंनी खोल चर खणून मधला कातळ सुटा केला आणि कळसाकडून पायथ्याकडं सुमारे ३० मीटर उतरत गेले. बांधकामात चुकलेला दगड बदलता येतो; इथं उडालेली कपची परत बसत नाही. खाली हत्तीला किती दगड राखायचा, हे वर असतानाच ठरवावं लागलं असणार. ते ठरवायला दगडाची सवय असलेला हातच हवा.

बडोद्याला सापडलेल्या ८१२ सालच्या ताम्रपटात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या देवळाचं वर्णन आहे. अभ्यासक ते कैलासाचं मानतात. त्यात घडवणाऱ्यालाच नवल वाटतं, की हे आपल्या हातून झालं कसं! राजाचं नाव आपल्याला माहीत आहे. या कारागिराचं नाही.

गेल्या वर्षी आम्हाला पिशव्यांची ऑर्डर मिळाली. कागदावरचा हत्ती देखणा होता. भरताना मात्र कापड आकसलं, सोंडेला सुरकुत्या पडल्या आणि माल परत आला. चित्राचे पैसे आधीच दिलेले. मजुरी बुडाली ती टाके घालणाऱ्यांची. मार्गही त्यांनीच काढला. खाली अस्तर लावलं, भरगच्च भरण्याऐवजी साखळी टाक्यानं नुसती कड काढली.

आता नमुना ठरवताना टाके घालणाऱ्या दोघी शेजारी बसतात आणि नमुन्याचे पैसे तिघींत वाटले जातात. तुमच्या गटात नमुना कोण ठरवतं? पुढच्या बैठकीत हा प्रश्न जरूर विचारा.