बावीस अक्षरांची जनुकं आणि त्यांची मोजदाद

मंडळी, मागच्या खेपेला आपण मानवी जनुकसंचाच्या पहिल्या आराखड्यापर्यंत, म्हणजे फेब्रुवारी २००१ पर्यंत येऊन थांबलो होतो. सुमारे तीन अब्ज अक्षरं, आणि त्यातला प्रथिनं बनवण्याचा मजकूर जेमतेम दीड-दोन टक्के. उरलेल्याला तेव्हा बरेच जण सरळ ‘जंक’ म्हणत. आज आपल्याला त्या उरलेल्यातलाच एक चिमुकला घटक बघायचा आहे, मायक्रोआरएनए. लांबी साधारण २२ अक्षरं. हा प्रथिन बनवत नाही. दुसऱ्या जनुकाचा संदेश घेऊन निघालेल्या आरएनएला चिकटतो आणि त्याचं तोंड बंद करतो. मानवी जनुकसंचात असे किती आहेत? साधा प्रश्न आहे. पण या प्रश्नाला २००३ मध्ये एक उत्तर होतं, २००५ मध्ये दुसरं, आणि २०१५ मध्ये तर लोकांनी यादीच कापायला घेतली. असं का झालं, ते पाहू.

सुरुवात माणसात नाही, एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलिगन्स या कृमीत झाली. ‘लिन-४’ हे जनुक बिघडलं की हा कृमी लहानपणातच अडकून राहतो, त्याच त्या अवस्था पुन्हा पुन्हा गिरवतो. हार्वर्डमध्ये व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस, रोझलिंड ली आणि रोंडा फाइनबॉम यांनी हे जनुक वेगळं काढलं. हाती आला तो प्रथिनाचा मजकूर नव्हता, अवघ्या २२ अक्षरांचा आरएनए होता. त्याच शहरपट्ट्यात मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये गॅरी रुव्हकन ‘लिन-१४’वर काम करत होते. जून १९९२ मध्ये दोघांनी आपापली अक्षरं एकमेकांना कळवली आणि लिन-१४ च्या संदेशाच्या शेपटीत लिन-४ ला जुळणाऱ्या जागा दिसल्या. एक नाही, सात. डिसेंबर १९९३ मध्ये ‘सेल’मध्ये दोन निबंध लागोपाठ छापून आले. याच कामाला २०२४ चं नोबेल मिळालं. पण तेव्हा फारशी खळबळ माजली नाही, कारण लिन-४ चा भाऊबंद कृमींच्या बाहेर कुठे सापडतच नव्हता. कृमींची काहीतरी खास भानगड असेल, असं म्हणून लोक पुढे गेले. आम्हाला विचाराल तर त्यांना फार दोष देता येत नाही. जनुकसंचच वाचलेले नव्हते, तर शोधणार कुठे?

२००० साली ते चित्र पालटलं. रुव्हकन यांच्याच गटाला ‘लेट-७’ हा २१ अक्षरांचा दुसरा आरएनए मिळाला. तोच क्रम माशीत, माशात आणि माणसात जसाच्या तसा निघाला. माणसात तर हीच अक्षरं देणारी ठिकाणं तीन आहेत, गुणसूत्र ९, ११ आणि २२ वर. एक-दोन अक्षरांनी वेगळी असलेली भावंडं आणखी, म्हणून मग लेट-७ए, बी, सी अशी नावं द्यावी लागली. एका पत्त्यावर एक जनुक हा आपला हिशेब इथेच मोडला.

मग शोधमोहीम सुरू झाली. ती हातानं कशी केली जायची, हे जरा सावकाश बघण्यासारखं आहे. पेशींतला सगळा आरएनए काढायचा, जेलमधून पळवायचा, आणि विसेक अक्षरांच्या उंचीवरची जेलची पट्टी ब्लेडनं कापून घ्यायची. त्या तुकड्यांच्या दोन्ही टोकांना ओळखीच्या अक्षरांच्या शेपट्या जोडायच्या, त्यांचं डीएनएत रूपांतर करायचं, प्रती वाढवायच्या, जीवाणूंत घालायच्या आणि एकेक वाचायच्या. वाचून झाल्यावरही निम्मी लढाई बाकी, कारण तुटलेल्या रायबोसोमचा, टी-आरएनएचा कचराही त्याच उंचीवर पळतो. मग तुकडा जनुकसंचात कुठे बसतो ते शोधायचं आणि आजूबाजूची साठ-सत्तर अक्षरं घेऊन ती केसांच्या पिनेसारखी दुमडतात का, हे संगणकावर तपासायचं. पिन बनली आणि नॉर्दर्न ब्लॉटवर पट्टी उमटली, तर उमेदवार पास.

ऑक्टोबर २००१ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात तीन निबंध आले: अ‍ॅम्ब्रोस यांचा, एमआयटीच्या डेव्हिड बार्टेल यांचा आणि जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनच्या थॉमस टुशल यांचा. ‘मायक्रोआरएनए’ हे नाव तिथलं. माणसातली पहिली विसेक नावं टुशल यांच्या गटाची, आणि ती हेला पेशींमधून आली. म्हणजे १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गाठीतून, त्यांना न विचारता काढलेल्या पेशी. या नकाशाची पहिली टाचणीही त्यांच्याच पेशींतली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

त्या विसेकांमध्ये मिर-१५ आणि मिर-१६ होते, दोघं शेजारी, गुणसूत्र १३ वर. आता गंमत बघा. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये निम्म्याहून जास्त रुग्णांत तेरा नंबरच्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. कॅन्सर रोखणारं एखादं जनुक तिथे असणार, म्हणून वर्षानुवर्षं शोध चालला होता. पण जे शोधत होते ते प्रथिनांचं जनुक शोधत होते. २००२ मध्ये फिलाडेल्फियात जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांनी दाखवलं, की गळणारा भाग ३० हजार अक्षरांपर्यंत आवळत नेला तर त्यात हे दोघे बसलेले आहेत, आणि सुमारे ६८ टक्के रुग्णांत ते गायब किंवा मंदावलेले आहेत. पुढे २००५ मध्ये कळलं, की हे दोघे बीसीएल-२ ला दाबून ठेवतात, म्हणजे पेशीला मरू न देणाऱ्या प्रथिनाला. ते गेले की पेशी मरायचं नाव घेत नाही. नकाशावरच्या जागेला डॉक्टरकीच्या दृष्टीनं अर्थ आला तो इथे.

आता मोजदाद. २००२ च्या डिसेंबरात केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटमध्ये सॅम ग्रिफिथ्स-जोन्स यांनी नोंदवही उघडली, सगळे प्राणी-वनस्पती मिळून २१८ नोंदी. पुढे तिचं नाव मिरबेस झालं. २००३ मध्ये बार्टेल गटानं पिना आणि प्राण्यांमधलं साम्य यांवरून अंदाज बांधला, की माणसात फार तर २५५. साम्याचीच अट घातली तर दुसरं काय मिळणार! २००५ मध्ये इस्रायलमधल्या एका गटानं ती अट काढली आणि निदान ८०० तरी, असं सांगितलं. मग एका वेळी लाखो तुकडे वाचणारी यंत्रं आली आणि नोंदवही फुगत गेली. २०१८ च्या आवृत्तीत माणसाच्या १९१७ पिना आहेत. यंत्र कचराही तितक्याच निष्ठेनं वाचतं, हे घाईत विसरलं गेलं. २०१५ मध्ये बास्टियन फ्रॉम, केविन पीटरसन आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या १८८१ नोंदी एकेक तपासल्या: पिनेच्या दोन्ही बाजूंचे तुकडे मिळतात का, पुढचं टोक दर वेळी त्याच अक्षरावर कापलं जातं का? टिकल्या ५२३.

एवढी कडक चाळण कशाला, असं तुमच्यातल्या काहींना वाटेल. तर मायक्रोआरएनए आपलं गिऱ्हाईक ओळखतो ते दुसऱ्या ते आठव्या अक्षरांवरून. टोक एका अक्षरानं सरकलं की गिऱ्हाईकच बदलतं. २००९ मध्ये स्पेनमधल्या दोन कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाणारं बहिरेपण होतं, त्याचं कारण सापडलं. गुणसूत्र ७ वरच्या मिर-९६ मध्ये, नेमक्या त्याच पट्ट्यात, दोन्ही कुटुंबांत एकेक अक्षर बदललेलं होतं. आतल्या कानातल्या केसपेशींना हा मिर-९६ लागतो. अशा कुटुंबाचा अहवाल वाचणाऱ्यासमोर १९१७ ची यादी असते की ५२३ ची, यावर तो कुठलं बदललेलं अक्षर गांभीर्यानं घेणार, हे ठरतं. आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी लांब यादीच वापरली जाते.